इंजिन सगळ्यात शेवटी: बागेतली रेल्वे आणि जुन्या डब्यांची दुरुस्ती कशी सुरू करावी

इंग्लंडात घर घेतलं, मागे बागेचा तुकडा मिळाला आणि लहानपणचं रेल्वेचं वेड पुन्हा वर आलं, अशी मराठी मंडळी इथे बरीच आहेत. भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठलं इंजिन घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. इंजिन सगळ्यात शेवटी. आधी जमीन, मग रूळ, मग दोन-चार डबे, आणि मग इंजिन.

या लेखात दोन छंद एकत्र घेतले आहेत: घरच्या बागेत छोटी रेल्वे टाकणं, आणि एखाद्या वारसा रेल्वेच्या (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या रेल्वेच्या) कारखान्यात जुने प्रवासी डबे दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून जाणं. इथे ही दोन्ही वेडं पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. दोन्हीकडे शत्रूही एकच, पाणी. बागेत ते खालून छळतं, डब्यात वरून. म्हणून बागेतलं काम जमिनीपासून सुरू करायचं आणि डब्यातलं छतापासून. हा क्रम ज्यांनी पाळला नाही त्यांचे पैसे दोनदा गेलेले मी पाहिले आहेत.

१. आधी दुसऱ्यांच्या बागा बघा

ब्रिटनमध्ये सोळा मिलिमीटर स्केलवाल्यांची (हे बागेतल्या गाड्यांचं एक माप, पुढे सांगतो) राष्ट्रीय संघटना आहे, ‘असोसिएशन ऑफ सिक्स्टीन एमएम नॅरो गेज मॉडेलर्स’ नावाची. तिचे गावोगावी गट आहेत. उन्हाळ्यात सदस्य आपापल्या बागा एकमेकांना खुल्या करतात, आपली इंजिनं दुसऱ्याच्या रुळांवर चालवतात, चहा-केक होतो. सदस्य व्हा आणि गाडी विकत घेण्याआधी अशा तीन-चार बागा तरी फिरून या.

तिथे गेल्यावर नुसती इंजिनं बघत बसू नका. यजमानाला विचारा: हिवाळ्यानंतर रूळ कुठे खचतो? कुठल्या सांध्यावर डबे उतरतात? पुन्हा बांधायला मिळालं तर काय वेगळं कराल? या शेवटच्या प्रश्नावर माणसं तासभर बोलतात. ते लिहून घ्या. बहुतेकांचं उत्तर पायाबद्दल आणि उंचीबद्दल असतं, इंजिनाबद्दल जवळजवळ कुणाचंच नसतं.

२. गेज आणि स्केल: हा घोळ एकदाच निस्तरा

दुकानात गेलात की नवखा माणूस इथेच गोंधळतो. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे गाडी खऱ्या गाडीच्या कितवा भाग आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच रुळावर वेगवेगळ्या स्केलच्या गाड्या चालू शकतात.

बागेसाठी दोन गेज मुख्य आहेत.

४५ मिलिमीटर: जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ नावाने बाजारात आणलेली मोठी गाडी याच गेजवर चालते. तिचं स्केल १:२२.५. मीटर गेजच्या खऱ्या गाडीला साडेबावीसने भागलं की साधारण ४४ मिलिमीटर येतात, त्यावरून हे जमलं. गेज वन म्हणजे १:३२ स्केलच्या मोठ्या लाइनच्या गाड्याही याच रुळांवर धावतात. नुसता ४५चा रूळ आहे म्हणून या दोघांचे डबे एकमेकांना जोडले तर ते विजोड दिसतात.

३२ मिलिमीटर: इथे बहुतेक मंडळी सोळा मिलिमीटर स्केल वापरतात. एका फुटाला सोळा मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९. दोन फुटी रेल्वे या मापात बरोबर ३२ मिलिमीटरची होते. वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींच्या छोट्या रेल्वे दोन फुटी किंवा तिच्या आसपासच्या, म्हणून ब्रिटनमध्ये हे स्केल इतकं रुजलं.

आपल्या दृष्टीने यात एक मजा आहे. नेरळ–माथेरान लाइनसुद्धा दोन फुटी. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी ३२ मिलिमीटरच्या रुळावर सोळा मिलिमीटर स्केलमध्ये तंतोतंत बसते. तिचा तयार संच दुकानात शोधत बसू नका, डबे प्लायवूडमधून स्वतःच करा. चौकोनी डबा, सरळ बाजू, साधं छत. नवशिक्याने करून बघण्याजोगं पहिलं काम आहे.

दोन्ही गेज आवडले असतील तर तिहेरी रूळ टाकणारेही आहेत. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका. काटे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, बनवताना डोकं जातं.

३. नकाशा कागदावर नको, गवतावर काढा

बागेत पाणी घालायची रबरी नळी घ्या आणि जिथे रूळ जाईल असं वाटतं तिथे ती पसरून ठेवा. दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या. कपडे वाळत घालताना ती पायात येते का, मुलं कुठून धावतात, गवत कापायचं यंत्र कुठून वळतं, कचऱ्याचा डबा कुठून बाहेर काढता, हे सगळं आपोआप कळतं.

वळणांबद्दल: एलजीबीचं सगळ्यात तीव्र वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं आहे. छोटं इंजिन त्यावरून जातं, पण लांब डबे कोपऱ्यात बाहेर झुकतात आणि चाकं कुरकुरतात. जागा असेल तर एक मीटरच्या खाली जाऊ नका.

चढाबद्दल माझं मत कडक आहे. पहिली लाइन सपाटच करा. वाफेचं साधं इंजिन, ज्याला रेडिओवरचं दूरनियंत्रण नाही, ते चढावर दमतं आणि उतारावर सुसाट सुटतं. पुढच्या वळणावर ते फुलझाडांत सापडतं. नाइलाजच असेल तर पन्नासात एकाहून जास्त चढ नको. माथेरानची खरी गाडी विसात एक चढते हे मला ठाऊक आहे. तिला ब्रेक लावायला माणसं असतात.

बाग उताराची असेल तर एका टोकाला रूळ जमिनीत आणि दुसऱ्या टोकाला कमरेइतका उंच, असं करा. उंच टोकाला स्टेशन ठेवा. गाडी जोडणं, इंजिनात पाणी भरणं, सगळं उभ्याने होतं. पन्नाशीनंतर गुडघे याबद्दल आभार मानतात.

४. पाया

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

जमिनीलगत लाइन टाकायची असेल तर साधारण वीतभर खोल चर खणा. तळाशी विटांचे तुकडे, खडी धुमसून भरा. वर तीन-चार इंच काँक्रीट. खालचा थर टाळून थेट मातीवर काँक्रीट ओतलं, तर हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि वसंतात तुमच्या लाइनला उंटाची पाठ आलेली असते. चराच्या कडेला पाणी साचत असेल तर त्याला वाट काढून द्या. लॉनच्या खोलगट कोपऱ्यातून लाइन नेणं हा हमखास फसणारा बेत आहे.

सगळीकडे एकच पातळी हवी. त्यासाठी आपल्याकडच्या गवंड्यांची युक्ती सगळ्यात उत्तम. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक या खुंटीला, दुसरं त्या खुंटीला, आणि पाणी जिथे थांबेल तिथे खूण. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर खूण चुकते. लेझरचं यंत्र भरदुपारी उन्हात नीट दिसत नाही. ही नळी दिसते, आणि झाडाच्या मागूनही वळून जाते.

उंच लाइनसाठी खांब लागतात. लाकडी खांब स्वस्त, पण ते जमिनीच्या पृष्ठभागाशीच कुजतात, कारण हवा आणि ओल दोन्ही तिथेच एकत्र मिळतात. खाली खोल गाडलेला भाग ठणठणीत आणि बरोबर मातीच्या रेषेवर खांब मोडलेला, असं दिसतं. म्हणून पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचे खांब आणि पट्ट्या आता बरेच लोक वापरतात. महाग आहेत, उन्हात थोडे वाकतात, त्यामुळे खांब जवळजवळ रोवावे लागतात. पण कुजत नाहीत. सिमेंटचे पोकळ ठोकळे उभे करून त्यांवर फरशीचे तुकडे ठेवणं हा तिसरा मार्ग. दिसायला ओबडधोबड, कामाला पक्का.

भाड्याच्या घरात असाल तर काँक्रीट विसरा. मोकळ्या ठोकळ्यांवरची लाइन टाका, आणि तीही घरमालकाला ईमेल करून, लेखी होकार घेऊनच.

५. रूळ टाकणं

रूळ पितळेचे असतात किंवा निकेल सिल्व्हरचे. पितळ स्वस्त आणि उन्हापावसाला टिकाऊ. पण धातू तापला की लांबतो. दहा मीटर पितळी रूळ हिवाळ्याच्या थंडीपासून उन्हाळ्याच्या उन्हापर्यंत चाळीस अंश तापला, तर साडेसात मिलिमीटरच्या आसपास वाढतो. ही वाढ कुठेतरी जायला हवी. कडाक्याच्या थंडीत रूळ जोडत असाल तर सांध्यात थोडी फट ठेवा. भर उन्हात जोडत असाल तर जवळजवळ भिडवून जोडा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण एकदा विचार केला की पटतं. दर स्लीपरला स्क्रू मारू नका. अर्ध्या मीटरवर एक पुरे, आणि तोही सैल, म्हणजे रूळ सरकू शकेल.

खडीसाठी कोंबडीच्या पिल्लांना घालतात ती बारीक कच इथे सर्रास वापरतात. स्केलला शोभते. ती कोरडीच थोड्या सिमेंटमध्ये मिसळून स्लीपरांमध्ये पसरायची, ब्रशने नीट बसवायची आणि झारीने अगदी हलकं पाणी घालायचं. काट्यांपासून हे मिश्रण लांब ठेवा. काट्याच्या जिभेखाली सिमेंट गेलं की तो काटा कायमचा एकाच बाजूचा झाला.

खडी घालण्याआधी मात्र एक डबा हाताने सगळ्या लाइनवरून ढकलून न्या. डोळे मिटून. कुठे बोटांना झटका लागतो ते लक्षात ठेवा. बोट जे सांगतं ते डोळ्याला दिसत नाही. तिथला सांधा सुधारूनच पुढे जा.

६. आता इंजिन

तीन पर्याय आहेत. रुळातून वीज, बॅटरी आणि खरी वाफ.

रुळातून वीज म्हणजे रूळ सतत स्वच्छ हवेत. बाहेर ते राहत नाहीत. ओल, पानांचा चिकटा, गोगलगायींचा माग, गाडी अडखळते. बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घेतलात तर हा व्यापच संपतो. मुलं असतील तर बॅटरीच घ्या, डोळे मिटून.

आणि वाफ. तिच्यासाठीच बहुतेक जण या छंदात येतात. मामॉडची छोटी इंजिनं, डॉनकास्टरच्या राउंडहाउसची दणकट इंजिनं आणि अॅक्युक्राफ्टची, ही नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील. जुनं इंजिन घेत असाल तर बॉयलरच्या चाचणीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. क्लबच्या कार्यक्रमात ते नसेल तर इंजिन पेटवू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. ‘मागच्या वर्षी मस्त चालत होतं’ हे प्रमाणपत्र नव्हे.

गॅसवरचं इंजिन पेटवण्याचा क्रम असा असतो.

सगळ्या हलत्या सांध्यांना हलकं तेल, एकेक थेंब. मग ल्युब्रिकेटर. ही बाहेरून क्षुल्लक वाटणारी छोटी टाकी. तिच्या तळाचा स्क्रू उघडून मागच्या वेळचं पाणी काढून टाका, बंद करा, आणि वाफेसाठीचं खास जाड तेल भरा. इंजिन चालताना वाफ तिथे थंड होऊन पाणी बनते, पाणी तळाशी बसतं, तेल वर ढकललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरात जातं. मोटरचं तेल घालू नका. वाफेच्या उष्णतेत ते काम करत नाही.

मग बॉयलरमध्ये डिस्टिल्ड वॉटर. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात नळाचं पाणी जड आहे. चहाच्या किटलीत पांढरा थर दिसतो तोच बॉयलरमध्ये बसेल. काठोकाठ भरून थोडं पाणी सिरिंजने परत काढा, म्हणजे वाफेला जागा राहील. किती काढायचं ते इंजिनाच्या पुस्तिकेत असतं.

गॅस सगळ्यात शेवटी. उघड्यावर, आणि जवळ दुसरं पेटलेलं इंजिन नसताना. भरताना थोडा गॅस बाहेर सांडतोच आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. नवख्यांना सर्वांत जास्त सांगावी लागते ती ही गोष्ट. भरून झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग लायटर धुराड्याच्या तोंडाशी धरा आणि गॅसची चावी अगदी हळू फिरवा. ‘फुप्’ असा आवाज होतो आणि ज्योत मागे बर्नरवर जाऊन बसते. चावी जोरात फिरवली तर ज्योत धुराड्यातच नाचत राहते. बंद करा आणि पुन्हा करा.

पाच-सात मिनिटांत दाबमापकाचा काटा वर सरकतो. छोट्या इंजिनांना ४० पीएसआयच्या (चौरस इंचाला ४० पौंड) आसपास दाब पुरतो. सुरुवातीला सिलिंडर थंड असतात, त्यात पाणी साचतं, म्हणून इंजिन हाताने पुढे-मागे करावं लागतं. त्या वेळी धुराड्यावर वाकून बघू नका. तेलमिश्रित उकळतं पाणी नेमकं तिथूनच उडतं.

चांगल्या बनावटीच्या इंजिनात पाण्याआधी गॅस संपतो, म्हणजे बॉयलर कोरडा पडत नाही. गॅसची टाकी अर्ध्यात पुन्हा भरायचा मोह झाला तर आधी पाणी तपासा.

७. झाडं

रुळांच्या कडेला रानओव्याची बुटकी जात, सेडम आणि सेम्परव्हायव्हम ही मांसल पानांची झाडं, बुटकी सूचिपर्णी. एवढ्यावर सुरुवात करा. ‘माइंड युअर ओन बिझनेस’ नावाचं नाजूक पानांचं, जमिनीवर पसरणारं रोप कुणी हौसेने दिलं तर घेऊ नका. दिसतं गोड, पण एका उन्हाळ्यात रूळ गिळतं.

८. खऱ्या डब्यांकडे

१९५१ मध्ये वेल्समधली टॅलीलीन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. तिचे मूळचे १८६०च्या दशकातले डबे आजही धावतात. वेल्समधल्याच फेस्टिनिऑग रेल्वेवर १८७२चे दोन बोगी डबे (दोन्ही टोकांना वळणाऱ्या चाकगाड्यांवर बसवलेले) आहेत, १५ आणि १६ क्रमांकाचे, ब्रिटनमधले पहिले बोगीचे प्रवासी डबे. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे १९६०ची; तिचा डब्यांचा कारखाना हॉर्स्टेड कीन्सला. सेव्हर्न व्हॅली रेल्वेचे सागवानी डबे किडरमिन्स्टरला. यॉर्कशरमध्ये कीलीजवळच्या इन्ग्रोला ‘व्हिंटेज कॅरेजेस ट्रस्ट’चं संग्रहालय. वाइट बेटावर हॅवनस्ट्रीटला तर कुणाच्या शेतात किंवा समुद्रकिनाऱ्यावर झोपडी म्हणून पडलेले व्हिक्टोरियन डबे उचलून आणतात आणि जुन्या पार्सल डब्यांच्या सांगाड्यांवर चढवून पुन्हा चालवतात.

तुमच्या घरापासून गाडीने तासाभरात पोहोचता येईल अशी रेल्वे निवडा. सुंदर पण तीन तासांवरची नको. पावसाळी फेब्रुवारीत तुम्ही जाणार नाही.

आणि डबा विकत घेऊ नका. लाकडी डब्याचा सांगाडा कधी कधी फुकटातही मिळतो. मग क्रेन, मग लांब ट्रक, आणि सगळ्यात महाग म्हणजे डोक्यावर छप्पर असलेली जागा. ताडपत्री टाकून उघड्यावर ठेवलेला डबा हळूहळू मरतो. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही आणि ओल आतच कोंडते. इथल्या कारखान्यांमध्ये रांगेत थांबलेले इतके डबे आहेत की तुमचे हात त्यांना आयुष्यभर पुरतील.

९. पहिला दिवस

रेल्वेचं सदस्यत्व घ्या, स्वयंसेवकांचा अर्ज भरा. कॅरेज विभागात बहुधा आठवड्याच्या मधल्या एका दिवशी निवृत्त मंडळींची टोळी असते आणि शनिवारी नोकरदारांची. खरा कसब असलेला सुतार मधल्या दिवशी भेटतो. एखादी सुट्टी त्यासाठी काढा.

सुतारकाम येत नसलं तरी चालतं. पहिले काही महिने तुम्ही रंग खरवडाल, स्क्रू साफ कराल, चहा कराल. चहा चांगला केलात तर लवकर बढती.

सोबत घ्या: पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी बूट, जुने कपडे, जेवणाचा डबा, पातळ हातमोजे, चष्मा लागत असेल तर जवळचा चष्मा. मास्क आणि गॉगल ते देतात, पण विचारून घ्या.

दोन गोष्टींची भीती बाळगा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडा घासू नका. ओला घासा किंवा मास्क लावून, सांगतील त्याच पद्धतीने खरवडा, आणि जेवणाआधी हात धुवा. दुसरं ॲस्बेस्टॉस. १९५१ पासून बांधल्या गेलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या मार्क वन जातीच्या काही डब्यांत उष्णतारोधक म्हणून निळं ॲस्बेस्टॉस फवारलेलं होतं. हा डबा तपासून साफ झालाय का, असं विचारायला अजिबात लाजू नका. उत्तर अडखळत आलं तर त्या डब्यात शिरू नका.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर किती आणि कसलं स्वयंसेवी काम चालतं ते आधी विद्यापीठात विचारा.

१०. डबा कुठून कुठे दुरुस्त होतो

पहिल्यांदा फोटो. बाहेरून, आतून, प्रत्येक दाराचा, प्रत्येक कोपऱ्याचा, प्रत्येक बिजागरीचा. मग उतरवलेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक: कुठल्या कप्प्यातला, कुठल्या बाजूचा, वरून कितवा. स्क्रू वेगळ्या पिशव्यांत. पाच वर्षांनी हे तुकडे परत लावणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.

मग कूज शोधायची. बोथट दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकडात टोचत जायचं. चांगल्या लाकडात टोक अडतं. कुजलेल्यात भाकरीत शिरावं तसं जातं. कुठे शोधायचं हे ठरलेलं आहे: डब्याची खालची लांब आडवी तुळई, दाराच्या खांबांचे पाय, आणि खिडकीखाली. जुन्या दाराची काच चामडी पट्ट्याने खाली सरकते आणि दाराच्या पोटात जाते. पावसाचं पाणीही तिच्याबरोबर तिथेच जातं. तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती कोळशाच्या भुकटीने, पानांनी, प्रवाशांच्या हातून पडलेल्या तिकिटांनी बुजतात. मग पाणी तिथेच मुरतं. दार उघडल्यावर अशा पोटांतून जुनी पुठ्ठ्याची तिकिटं आणि नाणी निघतात. ती खिशात घालू नका, कारखान्यात जमा करा. कित्येकदा डबा कुठे धावत होता हे त्यांच्यावरून कळतं.

दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदम काढू नका. लाकडी डब्याची ताकद चौकट आणि फळ्या मिळून असते. आधी आतून तिरके आधार लावा. नाहीतर मधोमध पोट सुटतं, आणि मग एकही दार नीट बसत नाही.

दुरुस्ती छतापासून. लाकडी छत म्हणजे कमानींवर ठोकलेल्या अरुंद, एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या. जुन्या पद्धतीत त्यांवर शिसाचा पांढरा रंग आणि जवसाचं तेल यांचा दाट लेप देऊन त्यात कॅनव्हास बसवत. आता शिशाशिवायचे रंग वापरतात, पद्धत तीच. चार माणसं लागतात: दोन ताणायला, एक लेप लावायला, एक हाताने मधून कडेकडे दाबत हवा काढायला. सुरकुती राहिली तर पुढे तिथेच फाटतं. छत गळायचं थांबलं की मग खाली हात घालायचा. आधी सुंदर वार्निश करून नंतर छताकडे वळलेले डबे आहेत, त्यांचं वार्निश दोन हिवाळ्यांत फुगलं.

कुजलेला खांब पूर्ण बदलायचा नसतो. कूज संपते त्याच्या थोडं वर तिरकी लांब कलम घेऊन नवं लाकूड जोडायचं. मूळ लाकूड जितकं राहील तितकं राखायचं, ही या कामातली पहिली शिस्त. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे आणि नंतर एलएनईआरचे (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे) डबे सागवानी. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याच्या जरा आधी सांधा ॲसिटोनने पुसावा लागतो. सागाची पूड नाका-घशाला झोंबते, तेव्हाही मास्क. नवा साग आता परवडत नाही. जुन्या प्रयोगशाळांची टेबलं मोडीत निघाली की कॅरेजवाले धावतात, त्यात चांगला साग सापडतो.

११. रंगाखाली काय आहे ते आधी बघा

सगळा रंग एका दमात खरवडून टाकायचा उत्साह आवरा. नाण्याएवढी जागा निवडा, ओल्या बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासा, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी. थर वर्तुळांसारखे एकाबाहेर एक दिसू लागतात. वर झोपडीच्या काळातला हिरवा, त्याखाली दुसऱ्या कंपनीचा, त्याखाली प्रायमर, मग पहिला. त्याचा फोटो मापपट्टी शेजारी ठेवून काढा. दारावर हे कराल तर कधी ‘३’ आकड्याची सोनेरी कड वर येते, म्हणजे तिसरा वर्ग. दाराच्या कडेवर, खांबांवर छिन्नीने किंवा ठशाने मारलेला डब्याचा क्रमांकही सापडतो. कागदोपत्री हरवलेले डबे त्यावरून ओळखले गेले आहेत. मूळ आराखड्यांसाठी यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम आणि हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी, या दोन ठिकाणी आधी विचारा.

बागेतल्या गाडीचे डबे करायचे असतील तर हेच काम कामी येतं. ज्याने खऱ्या डब्याची चौकट उघडी पाहिली, त्याच्या प्लायवूडच्या डब्यात खिडक्या योग्य जागी येतात.

१२. काय काय जवळ हवं

बागेसाठी: पारदर्शक नळी, फावडं, धुमस, रूळ कापायची बारीक करवत, कानस, गेज तपासायची पट्टी, सिरिंज, वाफेचं तेल, डिस्टिल्ड वॉटर, वाळूची किंवा पाण्याची बादली. कागद: संघटनेचं सदस्यत्व, त्यात सार्वजनिक जबाबदारीचा विमा येतो का याचं लेखी उत्तर, बॉयलरचं प्रमाणपत्र, इंजिनाची पुस्तिका, घरमालकाची परवानगी. बाहेर वीज नेत असाल तर ते काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

डब्यांसाठी स्वतःची हत्यारं लगेच घेऊ नका. हळूहळू चार पटाश्या, एक छोटा रंधा, एक गुण्या आणि वही. हत्यारांवर नाव कोरा. कारखान्यात सगळ्या पटाश्या सारख्याच दिसतात.

१३. महाराष्ट्रात राहून काय करता येईल

बरंच. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथली लाइन घरात चालणारी, छोट्या स्केलची, पण मांडणी कशी विचार करून करतात हे शिकण्यासारखं आहे. बंगल्याभोवती जागा असेल तर बागेतली लाइनही होते. तिथे माती गोठवणारी थंडी नाही, पण जून ते सप्टेंबरचा पाऊस आहे. लाइन उंचावरच घ्या, लाकूड टाळा, दगडी जोत्यावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाका, आणि पावसाळ्यात काटे उतरवून घरात ठेवा. उन्हाने रूळ इथल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात, तेव्हा भर मे महिन्यात दुपारी जोडणार असाल तर फट ठेवू नका. स्वस्त प्लास्टिकचे स्लीपर उन्हाने ठिसूळ होतात, बाहेर वापरायचे म्हणून मुद्दाम बनवलेलेच घ्या.

माथेरानचे डबे करायचे ठरवलंत तर नेरळ स्टेशनात गाडी उभी असताना, कर्मचाऱ्यांना विचारून, टेप घेऊन मापं काढा: डब्याची लांबी, रुंदी, रुळापासून छतापर्यंत उंची, खिडकीची चौकट, दोन खिडक्यांमधलं अंतर. प्रत्येक मापाला १९ने भागा. मूळच्या चार वाफेच्या इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं, १९०७ साली जर्मनीत ओरेन्श्टाइन अँड कोपेलने बांधलेलं, इंग्लंडात लेटन बझर्ड रेल्वेवर आहे. कुणी नातेवाईक लंडनच्या उत्तरेला राहत असतील तर त्यांना त्या इंजिनाच्या चाकांचे, धुराड्याचे आणि केबिनच्या मागच्या बाजूचे फोटो काढायला सांगा. मागच्या बाजूचा फोटो सहसा कुणी काढत नाही आणि मॉडेल करताना नेमका तोच लागतो.